फळमाशीच्या लॅबमध्ये पहिले सहा महिने: डिसर्टेशनला येणाऱ्यांसाठी

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी फ्लाय लॅब मिळाली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कॉन्फोकल मायक्रोस्कोपवर चमकणारा हिरवा-किरमिजी मेंदू असतो. तो दिसतो, पण शेवटच्या दीड-दोन महिन्यांत. प्रयोग फसला की जमला हे त्याच्या खूप आधी ठरलेलं असतं: व्हायलवर (माश्या वाढवायच्या छोट्या बाटलीवर) तुम्ही काय लिहिलंत, क्रॉसमध्ये (ठरवून लावलेल्या नर-मादीच्या जोडीत) कुठली मादी घातलीत आणि कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना) त्याच दिवशी लावला की नाही, यावर. म्हणून या लेखात मायक्रोस्कोपपेक्षा व्हायलबद्दल जास्त लिहिलं आहे. ज्यांनी पेशीविज्ञान आणि जनुकशास्त्र पुस्तकातून शिकलंय, पण माशी हातात घेतलेली नाही, त्यांच्यासाठी हे आहे.

१. लॅब शोधताना

महाराष्ट्रात फळमाशीवर काम करणारे गट प्रामुख्याने पुण्या-मुंबईत आहेत: पाषाणची आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था), कुलाब्याची टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था), पुण्यातली आघारकर संशोधन संस्था. बेंगळुरूची एनसीबीएस ही जीवविज्ञानाची संस्था मुळात टीआयएफआरचीच शाखा. टीआयएफआरमध्ये ओबेद सिद्दिकी यांनी माशीच्या मेंदूवरचं काम रुजवलं, आणि मूळच्या गोव्याच्या कुटुंबातल्या वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी तिथेच वास न ओळखणाऱ्या माश्यांवर पीएचडी केली. माशी मेंदूविज्ञानात कशी आली हे वाचायचं असेल तर सुरुवात तिथून करा.

ईमेल छोटा हवा. त्या गटाचे अलीकडचे एक-दोन पेपर वाचून त्यातल्या कुठल्या प्रश्नात तुम्हाला रस आहे ते दोन ओळींत लिहा. तुम्ही किती महिने येऊ शकता, कधीपासून आणि कॉलेजला काय सादर करायचंय, हेही लिहा. ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम’ लिहून एकच मजकूर चाळीस जणांना पाठवला की तो ओळखू येतो, आणि उत्तर येत नाही. आठ-दहा दिवस वाट बघा, मग एकदा आठवण करा. तेवढं केलं तर कुणी रागावत नाही.

उन्हाळ्यातले दोनच महिने मोकळे असतील तर बेंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन विज्ञान अकादमी मिळून देतात ती समर रिसर्च फेलोशिप आणि टीआयएफआरचा व्हीएसआरपी (विद्यार्थ्यांसाठीचा उन्हाळी संशोधन कार्यक्रम) यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. अर्ज उन्हाळ्याच्या बरेच महिने आधी मागवतात. मार्चमध्ये जागे होणाऱ्यांना पुढचं वर्ष उजाडतं.

पैशांचं आधीच स्पष्ट विचारा. डिसर्टेशनला बहुतेक ठिकाणी स्टायपेंड मिळत नाही, हॉस्टेल मिळेलच असं नाही, आणि लॅबच्या जवळपास खोली घेतली तर भाडं घरच्यांना आधी सांगितलेलं बरं. हे विचारायला संकोच वाटतो, पण गाइडना हा प्रश्न रोजचा असतो.

२. सोबत काय न्यायचं

कागदपत्रं:
- कॉलेजचं बोनाफाइड आणि एनओसी. एनओसीवर कालावधीच्या तारखा हव्यात, नाहीतर हॉस्टेलचं ऑफिस परत पाठवतं.
- गुणपत्रिकांच्या स्वसाक्षांकित प्रती
- आधार आणि कॉलेजचं ओळखपत्र, पासपोर्ट फोटो (गेटपास, लायब्ररी, हॉस्टेल सगळ्यांना वेगवेगळे लागतात)
- एका शिक्षकांचं शिफारसपत्र
- वैद्यकीय विमा असेल तर त्याची प्रत

वस्तू: बांधीव पानांची वही, अल्कोहोलने न पुसणारा बारीक मार्कर, सुती लॅबकोट, पूर्ण झाकलेले बूट. जमलं तर स्वतःची ‘पाच नंबर’ची चिमट्यांची जोडी. चिमटा महाग असतो, आणि त्याचं टोक एकदा टेबलावर आपटलं की मेंदू काढण्याच्या कामाचा राहत नाही. सीनियरचा चिमटा न विचारता उचलू नका. लॅबमधली अर्धी भांडणं चिमट्यांवरूनच होतात.

उंदरांवरच्या कामाला प्राणी-नीतिमत्ता समितीची परवानगी लागते, माश्यांना सहसा ती भानगड नसते. मात्र ट्रान्सजेनिक माश्यांसाठी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मान्यता लागते. ती गाइडकडे असते, तुम्ही फक्त प्रोजेक्टचं नाव तिच्या कक्षेत बसतं का ते विचारून घ्या.

३. आधी खाद्य शिजवा

पहिल्या आठवड्यात कुणी तुम्हाला प्रयोग देणार नाही. खाद्य शिजवायला सांगतील. कमीपणा मानू नका, कारण पुढे माश्या मेल्या तर पहिली शंका खाद्यावरच येते आणि तेव्हा त्यात काय असतं हे माहीत असलेलं बरं.

भारतातल्या बऱ्याच लॅबमध्ये मक्याचं पीठ, साखर, डेक्स्ट्रोज, यीस्ट आणि अगार एवढंच असतं. पीठ साधारण आठ टक्के, अगार एक टक्क्याच्या आत. गुठळी होऊ न देता शिजवायचं, मग तापमान ६० अंशांच्या आसपास उतरल्यावरच प्रोपिऑनिक आम्ल, ऑर्थोफॉस्फोरिक आम्ल आणि मेथिल पॅराबेन घालायचं. उकळत्यात घातलं तर बुरशीनाशक उडून जातं, खूप थंड झाल्यावर घातलं तर नीट मिसळत नाही. ओतलेल्या व्हायल रात्रभर मलमलीखाली ठेवा. लगेच कापसाचा बोळा लावला तर आत वाफेचे थेंब साचतात आणि माश्या त्यात बुडतात. मलमलीला भोक असेल तर लॅबमध्ये मोकळी फिरणारी माशी त्यातून आत अंडी घालते, आणि दहा दिवसांनी तुमच्या क्रॉसमध्ये भलत्याच डोळ्यांच्या माश्या निघतात.

पावसाळ्यात बुरशी आणि माइट दोन्ही वाढतात. माइट म्हणजे बोळ्यावर आणि कोषांवर चालणारे पांढरे ठिपके. दिसले की ती व्हायल बाजूला काढा, कुणाला तरी सांगा, लपवू नका. संशयित स्टॉक (पिढ्यान्पिढ्या सांभाळलेला एका प्रकारच्या माश्यांचा साठा) दिवसाच्या शेवटी हाताळा आणि नंतर माश्या झोपवायचा पॅड आणि ब्रश अल्कोहोलने पुसा. बाहेरून आलेला कुठलाही स्टॉक, मग तो एनसीबीएसच्या फ्लाय फॅसिलिटीतून येवो की अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टनच्या स्टॉक केंद्रातून, दोन पिढ्या वेगळा ठेवूनच मुख्य ट्रेमध्ये न्या.

४. नर-मादी आणि खुणा ओळखा

कार्बन डायऑक्साइडच्या पॅडवर माश्या झोपवा, ब्रशने उलट्या करा. नराच्या पोटाचं टोक गोलसर आणि काळं, पुढच्या पायांवर केसांचा छोटा काळा कंगवा. मादीचं पोट मोठं, टोक निमुळतं आणि फिकट. ताज्या नराचं पोट काळं झालेलं नसतं, म्हणून शंका आली तर कंगवाच बघा.

झोपलेल्या माश्या व्हायलमध्ये टाकल्यावर ती आडवी ठेवा, जाग्या झाल्यावरच उभी करा. नाहीतर खाद्याला चिकटून मरतात. पॅडवर उगाच वेळ काढू नका. ज्या माश्यांवर चढण्याची किंवा झोपेची चाचणी करायची आहे त्यांना आदल्या दिवसापासून गॅस देऊच नका.

मग खुणा: वाकडे पंख, आखूड राठ केस, बारीक पट्टीसारखे डोळे. या बॅलन्सर गुणसूत्रांच्या खुणा. बॅलन्सरमध्ये गुणसूत्राचे तुकडे इतके उलटेसुलटे असतात की जोडीदाराशी अदलाबदल होऊन तयार झालेली संतती जगत नाही, आणि सायओ किंवा टीएम-३ या बॅलन्सरच्या दोन प्रती एकत्र आल्या तरी माशी जगत नाही. त्यामुळे घातक म्युटेशनसुद्धा वर्षानुवर्षं स्टॉकमध्ये टिकतं. एक सापळा लक्षात ठेवा: सायओचे वाकडे पंख १८ अंशांवर वाढलेल्या माश्यांत कधी जवळजवळ सरळ दिसतात. निवड करायची असेल तर क्रॉस २५ अंशांवर वाढवा.

५. व्हर्जिन गोळा करणं

या पायरीवर रेंगाळतोय, कारण सर्वात जास्त प्रयोग इथेच वाया जातात आणि ते कळतं महिनाभराने.

मादी एकदा मीलन झालं की शुक्राणू साठवून ठेवते आणि कित्येक दिवस त्यातून अंडी घालते. तुम्ही नंतर कितीही योग्य नर सोडलात तरी पिल्लं आधीच्या नराचीही निघतात. म्हणून क्रॉसमधल्या माद्या व्हर्जिनच लागतात. २५ अंशांवर कोषातून बाहेर पडल्यापासून साधारण आठ तास मादी नराला दाद देत नाही. १८ अंशांवर हा अवधी सोळा-अठरा तासांपर्यंत ताणतो.

त्यावरून दिनक्रम असा:

- सकाळी आल्याबरोबर व्हायलमधल्या सगळ्या माश्या काढून टाका. एकही उरता कामा नये. बोळ्याच्या घडीत बसलेली एक माशी पुरते.
- दुपारी, आठ तास व्हायच्या आत, नव्याने निघालेल्या माद्या वेचा.
- संध्याकाळी पुन्हा वेचा, व्हायल पूर्ण रिकामी करा, १८ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये ठेवा.
- दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर या आणि रात्रीत निघालेल्या वेचा.

माश्या दिवसभर सारख्या निघत नाहीत, पहाटे आणि सकाळी जास्त निघतात. रॉन कोनोप्का आणि सेमूर बेन्झर यांनी १९७१ मध्ये नेमकी हीच वेळ चुकवणाऱ्या माश्या शोधून ‘पिरियड’ जनुक हाती लावलं, आणि त्या धाग्यावरच्या कामाला २०१७ चं नोबेल मिळालं. तुमच्यासाठी त्याचा अर्थ इतकाच की सकाळी अकराला लॅबमध्ये उगवणाऱ्याला व्हर्जिन कमीच मिळतात.

आता पॅडवर बघा. अगदी ताजी मादी फिकट, जवळजवळ पारदर्शक असते, पंख कधी अजून घडी घातलेलेच असतात. पोटाच्या खालच्या बाजूला कातडीतून एक गडद हिरवट-काळा ठिपका दिसतो: कोषात असतानाचा मळ. हा ठिपका दिसला की घड्याळ न बघताही ती मादी घ्या. ठिपका नसेल पण वेळेचा हिशोब पक्का असेल तरीही चालते. दोन्ही नसेल तर सोडून द्या, लोभ नको.

वेचलेल्या माद्या दोन-तीन दिवस नुसत्याच ठेवा, मग खाद्याकडे बघा. अंडी दिसली म्हणून घाबरू नका, व्हर्जिन मादीही अंडी घालते. अळ्या दिसल्या तर ती पूर्ण व्हायल फेका. दहा माद्या वाया गेल्याचं वाईट वाटतं, पण त्या वापरल्या तर महिना जातो.

६. क्रॉस आधी कागदावर

कुठलाही क्रॉस लावण्याआधी वहीत दोन्ही पालकांची पहिली, दुसरी, तिसरी गुणसूत्रं मांडा. चौथं चिमुकलं असतं, बहुतेक वेळा सोडून दिलं तरी चालतं. प्रत्येक पिढीत कुठल्या माश्या निघतील, त्यातल्या कुठल्या घ्यायच्या आणि कुठल्या खुणेवरून, हे लिहा. मग सीनियरला दाखवा. जनुकाचं नाव, स्टॉकचा क्रमांक, आधीचे पेपर हे सगळं फ्लायबेस या वेबसाइटवर फुकट मिळतं. रोज उघडायची सवय लावा.

बहुधा तुमचा पहिला क्रॉस गॅल-फोर आणि यूएएसचा असेल. ही पद्धत अँड्रिया ब्रँड आणि नॉर्बर्ट पेरिमॉन यांनी १९९३ मध्ये मांडली. एका माशीत यीस्टमधलं गॅल-फोर प्रथिन ठरावीक पेशींत बनतं, दुसरीत यूएएसपुढे (गॅल-फोर जिथे येऊन बसतं त्या डीएनएच्या तुकड्यापुढे) तुम्हाला हवं ते जनुक असतं, आणि पिल्लांत दोन्ही एकत्र आले की त्याच पेशींत ते चालू होतं. पेशींची निवड एका स्टॉकने, जनुकाची दुसऱ्याने. म्हणून एकच यूएएस स्टॉक आज चेतापेशींत, उद्या ग्लियात (चेतापेशींच्या मदतनीस पेशींत), परवा अळीतल्या पंख होणाऱ्या पटलात चालवता येतो.

इथले सापळे:

- गॅल-फोर एक्स गुणसूत्रावर असेल (चेतापेशींसाठीचा एक प्रसिद्ध एलाव ड्रायव्हर, म्हणजे गॅल-फोरचा स्टॉक, तसा आहे) आणि तुम्ही तो नराकडून घेतलात, तर मुलग्यांत तो येतच नाही. अशा वेळी ड्रायव्हरच्या माद्या व्हर्जिन म्हणून वेचा.
- कंट्रोल दोन लागतात: ड्रायव्हर गुणिले वाइल्ड टाइप (जनुकात बदल नसलेली माशी) आणि यूएएस गुणिले वाइल्ड टाइप. त्याच दिवशी, त्याच खाद्याच्या घाण्यात, त्याच शेल्फवर. मागच्या महिन्यातला कंट्रोल चालत नाही.
- गॅल-फोरचा जोर तापमानासोबत वाढतो. १८ वर मंद, २९ वर जास्त. परिणाम दिसला नाही तर आधी तापमान बदलून बघा. पण ३० अंशांवर आणि त्यापुढे वाढलेले नर नापीक होऊ लागतात. एप्रिल-मेमध्ये वीज गेली की इनक्युबेटर जनरेटरवर आहे ना, हे विचारून ठेवा.
- डोळ्यांच्या रंगाचं ‘व्हाइट’ जनुक वागणुकीवरही परिणाम करतं. लाल आणि पांढऱ्या डोळ्यांच्या माश्यांची चाल किंवा स्मृती थेट तुलनेला घेऊ नका.

एका व्हायलमध्ये आठ-दहा माद्या आणि चार-पाच नर पुरेत. गर्दी झाली तर अळ्या खुरट्या निघतात. २५ अंशांवर दहाव्या दिवसाच्या आसपास पिल्लं निघू लागतात, त्याआधी पालक काढून टाका. अठराव्या दिवसानंतर निघालेल्या माश्या मोजू नका, त्यांत नातवंडं मिसळलेली असतात.

आता सहा महिन्यांचा हिशोब करा. दोन गोष्टी एका माशीत आणायला तीन पिढ्या लागल्या तर सव्वा महिना फक्त स्टॉक बांधण्यात जातो. गाइडने ‘सोपा’ प्रोजेक्ट दिला म्हणून नाराज होऊ नका. एका पिढीत संपणारा प्रश्न आणि नीट कंट्रोल एवढं हातात असेल तर प्रबंध होतो.

७. अळीचा मेंदू काढणं

खाद्य सोडून व्हायलच्या काचेवर चढलेली, जाडजूड, सुस्त चालणारी अळी घ्या. ही तिसऱ्या अवस्थेची. टीएम-६बी बॅलन्सर असेल तर आखूड-बुटक्या अळ्या सोडून लांब घ्या, त्यात बॅलन्सर नसतो.

थंड पीबीएसच्या (खारट बफरच्या) थेंबात अळी ठेवा. मागचा तिसरा भाग कापून टाका. एका चिमट्याने कापलेली कड धरा, दुसऱ्याने तोंडाचे काळे हुक आत ढकलत कातडी वरून सरकवा. मोजा उलटा करतो तशी अळी आतून बाहेर येते. पांढरी चरबी आणि काचेसारख्या चमकणाऱ्या लालोत्पादक ग्रंथी काढून टाका. तोंडाच्या हुकांजवळ दोन गोल गोळे आणि त्यांना जोडलेली शेपटी दिसते: तो मेंदू आणि पोटाकडची चेतारज्जू. त्याच्या पुढे चिकटलेल्या चपट्या पिशव्यांतून पुढे डोळे आणि अँटेना होणार असतात.

मेंदू इथेच तोडू नका. उलटी केलेली अळी तशीच फिक्स करा (रसायनाने ऊतक टिकवा), तशीच स्टेन करा (अँटिबॉडीने रंगवा), शेवटी स्लाइडवर वेगळा करा. सुटा मेंदू पारदर्शक असतो, ट्यूबमधून बफर ओढताना पिपेटच्या टिपमध्ये जातो आणि कळतही नाही. कातडीला जोडलेला असेल तर डोळ्यांना दिसतो. सुटे मेंदू उचलायची वेळ आलीच तर टिपमधून ट्रायटनवालं (साबणासारखं द्रव्य असलेलं) बफर आधी एकदा फिरवा, म्हणजे ते प्लॅस्टिकला चिकटत नाहीत.

चार टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये वीस ते तीस मिनिटं पुरतात. हे द्रावण फ्यूम हुडमध्येच हाताळा, ग्लोव्ह्ज घाला, सांडपाण्यात ओतू नका. पहिल्या थेंबातली अळी आणि शेवटची यांत पाऊण तासाचा फरक पडत असेल तर थोड्या-थोड्या करा. न फिक्स केलेला ऊतक पीबीएसमध्ये पडून राहिला की खराब होतो.

८. स्टेनिंग आणि मायक्रोस्कोप

धुणं, ब्लॉक, पहिली अँटिबॉडी रात्रभर चार अंशांवर, पुन्हा धुणं, दुसरी अँटिबॉडी, माउंट. प्रोटोकॉल लॅबचाच वापरा, इंटरनेटवरचे तीन जोडून चौथा बनवू नका. माशीच्या कित्येक नेहमीच्या अँटिबॉडी (सिनॅप्ससाठी एनसी-८२, ग्लियासाठी रेपो) आयोवा विद्यापीठाच्या हायब्रिडोमा बँकेतून स्वस्तात येतात, तरी त्या सरळ आपल्या ट्यूबमध्ये ओतू नका, किती पातळ करायच्या ते विचारा. एक ट्यूब फक्त दुसऱ्या अँटिबॉडीची ठेवा. तिच्यात चमक दिसली तर बाकीच्या ट्यूबमधल्या चमकेवरही विश्वास ठेवता येत नाही.

कव्हरस्लिप थेट मेंदूवर ठेवली तर तो चिरडतो, बाजूला दोन कव्हरस्लिपचे तुकडे टेकू म्हणून लावा. कॉन्फोकलवर कंट्रोल आणि प्रयोग एकाच बैठकीत, एकाच लेझर-सेटिंगवर घ्या. सेटिंग सर्वात उजळ नमुन्यावर ठरवा, म्हणजे पिक्सेल फुटत नाहीत. मोजणी करताना फाइलची नावं मित्राकडून बदलून घ्या, म्हणजे कंट्रोल कुठला हे न कळता मोजता येतं.

९. वेस्टर्न करायला सांगितलं तर

बहुधा सांगतील. वेस्टर्न ब्लॉट म्हणजे प्रथिनं जेलवर वेगळी करून, मेंब्रेनवर उतरवून अँटिबॉडीने ओळखणं. माश्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ट्यूब जोरात हलवली की डोकी तुटून वेगळी होतात, चाळणीने निवडता येतात. दहा-वीस डोकी एकत्र वाटून नमुना करा. बाकी पद्धत पुस्तकात आहे, फक्त चार गोष्टी: न घट्ट झालेलं अॅक्रिलामाइड चेतासंस्थेला विषारी आहे, ग्लोव्ह्जशिवाय हात लावू नका. ट्रान्सफरमध्ये जेल ऋण बाजूला, मेंब्रेन धन बाजूला, उलट लागलं तर प्रथिनं बफरमध्ये वाहून जातात. पेशीचा पडदा अनेक वेळा ओलांडणारी प्रथिनं उकळली की गोळा होऊन जेलच्या विहिरीतच अडकतात. एचआरपी हे एन्झाइम लावलेल्या अँटिबॉडीत सोडियम अझाइड पडलं तर एन्झाइम बंद पडतं आणि मेंब्रेन कोरी येते. ट्रान्सफरनंतर, ब्लॉक करण्याआधी मेंब्रेनवर पॉन्सो (प्रथिनं दाखवणारा लाल रंग) करून बघा, म्हणजे दोष कुठे होता ते कळतं.

१०. वही, व्हायल आणि निघताना

व्हायलवर तारीख, दोन्ही पालक, मादी कुठली, तुमच्या नावाची आद्याक्षरं आणि तापमान एवढं हवंच. ‘क्रॉस ३’ असं लिहिलेली व्हायल दोन आठवड्यांनी तुम्हालाही ओळखता येत नाही. वहीत फसलेला प्रयोगही त्याच दिवशी लिहा. प्रबंधाच्या वेळी परीक्षक ‘किती मेंदू, किती वेगवेगळ्या क्रॉसमधून?’ असंच विचारतात.

प्रत्येक स्टॉकच्या दोन प्रती ठेवा, वेगवेगळ्या ट्रेमध्ये, आणि दोन्ही एकाच दिवशी फ्लिप करू नका (नव्या खाद्याच्या व्हायलमध्ये हलवू नका). १८ अंशांवर पिढी जवळजवळ दुप्पट वेळ घेते, म्हणून राखीव प्रत तिथे ठेवली तर फ्लिप करायची कटकट कमी.

निघायच्या महिनाभर आधी यादी करा: कुठला स्टॉक कुठल्या ट्रेमध्ये, कुणी पुढे सांभाळायचा, फ्रीजरमधल्या कुठल्या डब्यात कुठली अँटिबॉडी, कच्च्या इमेज कुठल्या ड्राइव्हवर. ज्यांना स्टॉक सोपवताय त्यांच्यासमोर एकदा सगळे फ्लिप करा. यादी गाइडना ईमेल करा, प्रिंट काढून इनक्युबेटरच्या दारावर चिकटवा, आणि शिफारसपत्राचं बोलणं त्यानंतर काढा.